समुद्राचा धडा

समुद्राचे पाणी खारट असते.

गोदाबाईने अंगणात मिरच्या वाळत घातल्या की सकाळपर्यंत त्यांच्यावर कापसाचे पुंजके येऊन बसत. सगळ्या अमरावतीच्या हवेतच तेव्हा कापूस होता. ती पुंजके वेचून उशीत भरी आणि म्हणे, फुकटची उशी.

कोकणातल्या हर्णैच्या घराची पश्चिमेकडची भिंत पावसाळ्यात ओल धरायची. चाटली तर खारट लागायची. चाटली कोणी? सुभद्रेने. लग्न होऊन आली त्या वर्षी, दुपारी घर निजलेले असताना. नंतर स्वतःच हसत सुटली.

गाडीच्या आसाला तेल नसले की तो रडतो. शेकडो गाड्यांच्या आसांना तेल नसले की ते रडणे ऐकू येईनासे होते.

समुद्रकाठी जन्मलेल्या माणसाला पोहता येत नसेल तर तो काय करील? पाहत बसेल.

"म्या पायला हाय."

विसाजीपंतांनी पुस्तकातून मान वर केली. राममंदिराच्या ओसरीवर मुले धूळपाट्या मांडीवर घेऊन पुढेमागे झुलत होती, आणि झुलणे अजून थांबले नव्हते. तोंडे मिटली तरी अंगे धडा म्हणतच होती. धडा समुद्राचा. मुंबईत छापलेल्या पुस्तकातला, अर्ध्या पानाचा. समुद्राचे पाणी खारट असते. ते पिण्याच्या उपयोगी नाही. समुद्र फार खोल असून त्याचा तळ दिसत नाही. त्यात मासे व कासवे राहतात. वारा सुटला म्हणजे त्यावर लाटा उठतात. समुद्रात पुष्कळ माणसे बुडून मरतात. रीत ठरलेली होती, पंतोजींनी अर्धे वाक्य म्हणायचे आणि मुलांनी उरलेले अर्धे एका दमात परत फेकायचे. त्या अर्ध्या-अर्ध्याच्या मधल्या फटीत, पंतोजी श्वास घेत असताना, हे तीन शब्द आले होते. कोणाचे ते लगेच कळले, कारण बाकीचे सगळे त्याच्याकडे बघत होते. देवीदास. पूर्णेकाठच्या खेड्यातला, कुणब्याचा. इथे मामाकडे राहून शाळेत येणारा. सात-आठ वर्षांचा, नाकाने वाहणारा, आजवर आपण होऊन एक अक्षर न बोललेला. आणि विसाजीपंतांना काय झाले म्हणाल, तर ते बसल्या जागी पुढे सरकले. तीन वर्षे. या काळ्या मातीच्या, कोरड्या तोंडाच्या मुलखात तीन वर्षांत एक माणूस असा भेटला नव्हता ज्याला ‘समुद्र’ म्हटल्यावर काही दिसते. आणि हा एवढासा पोरगा. बापाबरोबर मुंबईला गेला असेल. कापसाच्या दिवसांत कोण कुठे जाईल याचा नेम नाही. "कुठे पाहिलास?" त्यांनी विचारले, आणि आपला आवाज शाळेतला नाही, घरातला आहे, हे त्यांच्या त्यांनाच ऐकू आले.

"आमच्या गावात. खालच्या आंगाले, बाभळीपाशी."

ओसरी हसली. भगवंत, फुलमाळ्याचा पोरगा, वर्गातला तोंडाळ, गडाबडा लोळायचाच बाकी राहिला. "पंतोजी, याच्या गावात समुद्र हाय! याचा बा मोटेनं समुद्र उपसते!" पण देवीदास हसण्याने गप्प झाला नाही. तो बोटे मोडून सांगू लागला, आणि सांगताना त्याची मान वाक्यागणिक हलत होती. "पानी खारं हाय. कोनी पेत नाई, गुरं बी नाई पेत. खोल हाय. आमच्या आबानं दोर सोडला तं बूड लागलं नाई. कासव हाय त्याच्यात, म्या पायलं. वारा सुटला का पानी हालते." एवढे झाल्यावर तो थांबला. शेवटचे वाक्य उरले होते. ते त्याने खाली बघून म्हटले, "अन् आमची काकी त्याच्यातच गेली."

मग कोणी हसले नाही. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. कापूस भरलेली गाडी जाते तेव्हा आवाज आसाचा येतो, ओझ्याचा येत नाही. एवढा मोठा ढीग आणि मुका. विसाजीपंतांनी पुस्तक पुन्हा वाचले. सहा वाक्ये. त्यांनी ती इतक्या वेळा म्हणून घेतली होती की डोळे मिटून म्हणू शकले असते. आणि आता डोळे उघडे ठेवून वाचली तर पानावर एक विहीर होती. खारपाणाच्या पट्ट्यातली, जुनी, कठडा नसलेली विहीर. सगळे वाक्यन् वाक्य तिचे होते. समुद्र त्यात कुठेच नव्हता. वर्गातल्या एवढ्या मुलांत धडा एकट्याने वाचला होता, आणि ज्याने वाचला त्याला विहीर सापडली होती. "चूक आहे," असे ते म्हणणार होते. पण कोणते वाक्य चूक?

त्यांना हर्णैहून निघायचे कारण सांगता आले असते, पण ते कारण आता त्यांना स्वतःला पटत नसे. वऱ्हाडात नव्या शाळा निघत होत्या, कापसाने मुलूख वर आला होता, पंतोजी मिळत नव्हते म्हणून पगार बरा होता. आई अंथरुणाला खिळलेली म्हणून बायको, सुभद्रा, मागे राहिली. एका वर्षाचा प्रश्न, असे त्यांनी तिला सांगितले. ती बंदरावरून आलेल्या वाळूने तांब्या घासत होती, म्हणाली, "बरं." त्या ‘बरं’चा अर्थ ते तीन वर्षे लावत होते. मधे एकदा घरी जाऊन यावे म्हटले तर रजेचे दिवस वाटेतच सरले असते. अमेरिकेतली कुठलीशी लढाई सुरू होती म्हणून इथे कापसाला सोने लागले, आता ती संपून भाव पडला म्हणून बाजारात माणसे एकमेकांशी भांडत होती. आणि हर्णैतल्या भिंतीला ओल येत होती, जात होती. माणसाची आठवण येते ती तोंडाची येत नाही, हे त्यांना इथे कळले. सुभद्रेचे तोंड त्यांना आता जुळवून आणावे लागे, पण तिचे ओले पाऊल ओटीवर उमटते आणि वाळताना आधी टाचेकडून नाहीसे होते, हे मात्र न बोलावता येई. वर्गात येई. गुणाकार चालू असताना येई. कार्तिकात ते बैलगाडीने अकोल्याला जाऊन डिपुटी साहेबांना भेटले होते. शाळा तपासणारे, नाशिककडचे, बारीक चणीचे गृहस्थ. समोरच्याचे बोलणे संपेपर्यंत सुपारी कातरत बसायचे. बोलणे संपले तेव्हा ते म्हणाले, "रत्नागिरीकडे जागा होईल. मी लिहिले तर होईल. पण विसाजीपंत, तुमचा वर्ग आधी बघू. माघात परीक्षेला येतो. धडे चोख असू द्या, म्हणजे मलाही लिहायला तोंड राहील." परतताना ते स्टेशनावर गेले. रूळ नुकताच आला होता आणि लोक अजून उगीचच बघायला येत. फलाटावर दाबून बांधलेल्या कापसाच्या गठ्ठ्यांची भिंत रचलेली होती. मुंबई, तिथून जहाज. त्यांनी एका गठ्ठ्यावर हात ठेवला. घट्ट होता, उन्हाने तापला होता. हा पोचणार. हमाल म्हणाला, "काय बावाजी, इकत घेता काय?" ते ओशाळून निघून आले.

तर, देवीदासाच्या विहिरीनंतर त्यांनी काय केले ते कोणत्याही पुस्तकात सांगितलेले नव्हते. त्यांनी झुलणे बंद करवले. मांड्या घालून, पाठी ताठ, हात गप्प. मग पहिले वाक्य वाचले आणि विचारले, "हे आणखी कशाला लागू पडतं?" मुले घाबरली. प्रश्न अर्धा नव्हता, त्यामुळे उरलेला अर्धा कुठून आणायचा ते त्यांना कळेना. मग भगवंतानेच हात वर केला. "घामाले. आमच्या बाचा सदरा खारा लागते." "शेंबडाले!" मागून कोणी ओरडले. "आसवाले." "लोणच्याले." ठीक. पुढे, तळ दिसत नाही. "पेवाले! धान्याच्या पेवात अंधार रायते." "मायच्या बटव्याले." कासवे राहतात. "देवळात बी कासव हाय, दगडाचं, तं देऊळ समुद्र होये काय?" "नाई रे बैला, ते एकच वाक्य झालं." एकच वाक्य झालं! हे भगवंत म्हणाला, आणि विसाजीपंतांनी पुस्तक मांडीवर उलटे ठेवले. एक वाक्य लागू पडले म्हणजे वस्तू सापडली असे होत नाही. सगळी लागू पडायला हवीत. आणि सगळी लागू पडली तरी? देवीदास म्हणाला, "मंग आमची इहीरच होये."

"मग धड्यानं काय सांगायचं बाकी ठेवलंय?" विसाजीपंतांनी विचारले.

त्या दिवसापासून ते विचारू लागले की धड्यात काय नाही. आणि जे नाही ते त्यांनाच सांगावे लागले, कारण दुसऱ्या कोणाकडे ते नव्हते. पलीकडचा काठ दिसत नाही. पाणी मागे जाते आणि पुन्हा येते, कोणी न उपसता, कोणी न ओतता. मागे जाते तेव्हा वाळूवर घड्या पडलेल्या असतात, वाऱ्याने धोतराला पडतात तशा. त्याचा रंग विचारू नका, तो सांगितला की बदलतो. रात्रभर आवाज येतो आणि आवाज आहे हे गाव सोडल्यावर कळते. हे सांगताना ते कुठेतरी वाहत जात आणि मुले त्यांच्या तोंडाकडे बघत राहात. मग कोणी तरी त्यांना खेचून काठावर आणी. "एवढं पानी हाय तं पिकाले काहून देत नाई?" "खारं हाय ना बे." "मंग एवढं ठेवलं कायले?" एकदा त्यांनी मुलांना गावाबाहेर नेले. वेचणी होत आलेली, कापसाच्या पराट्या उभ्या, जमीन सपाट, आणि आभाळ सगळीकडून जमिनीला टेकलेले. "हे सगळं पाणी आहे असं समजा," ते म्हणाले. मुलांनी समजून पाहिले. देवीदासाने डोळे मिटले, उघडले. "मंग आपण कोठी उभे हाव?" "काठावर." तो एक पाऊल मागे सरकला. विसाजीपंत मात्र तिथेच उभे राहिले, आणि त्या काळ्या, कोरड्या, अंत नसलेल्या मातीवरून एक वारा आला, त्यात मीठ नव्हते. वाऱ्यात मीठ नसणे हा इतका मोठा, इतका अंगाला लागणारा अभाव आहे हे त्यांना पुन्हा नव्याने कळले. सुभद्रेचे केस वाऱ्याने चिकट व्हायचे. ती कुरकुरायची. इथे केस कसे मोकळे, कोरडे राहिले असते तिचे.

"काहून हो पंतोजी, आज चूल पेटली नाई तुमची?" गोदाबाई भाजीची पाटी डोक्यावरून उतरवत म्हणाली. तिच्याच घराच्या पडवीत ते राहात. ती माळीण, बोलायला फटकळ. नवरा मेल्यावर मळा एकटीने चालवलेला. "पोरं गल्लीत बोंबलून रायली का समुद्र मांगं जाते अन् पुढं येते. तुमी त्याइले काय शिकवून रायले?"

"धडा."

"धड्यात बायको बी हाय काय तुमची?" ती हसली, मग त्यांचे तोंड बघून पदर सावरला. "तसं नाई म्हणत मी. पन तुमी समुद्राचं सांगता ना, तवा माणसाचं सांगल्यावानी सांगता. आता परीक्षा हाय म्हणे. साहेब आला तं जाता येईन नं घरी?"

"धडे चोख झाले तर."

"मंग चोख करा बाप्पा! समुद्र काय पळून चालला?"

चोखच तर राहिले नव्हते. ते त्यांना माहीत होते. एकेका मुलाला उभे केले तर वाक्य मधेच फुटे आणि त्यातून भलतेच काहीतरी बाहेर येई, "समुद्राचे पाणी खारट असते पन आमच्या मायच्या हातच्या कढीवानी नाई." साहेबांसमोर हे? माघ लागला तशी त्यांनी छडी काढली. झुलणे पुन्हा सुरू केले. अर्धे मी, अर्धे तुम्ही. मुलांना आश्चर्य वाटले नाही, मुलांना मोठ्यांच्या कशाचेच वाटत नाही; चार दिवसांत जुना सूर परत लागला, गुळगुळीत, भोवऱ्यासारखा. एकटा देवीदास अडे. तो हट्टी नव्हता. पण अर्धे वाक्य त्याच्याकडे गेले की तो त्याच्यामागे जाई, ते खरे आहे का बघून येई, आणि तोवर वर्ग पुढे गेलेला असे. मग त्याचा एकट्याचा आवाज मागून येई, सुराला भोक पाडी. छडी त्यांनी त्याच्यावर एकदा उगारली आणि तो म्हणाला, "सांगतो ना पंतोजी, बघून रायलो." छडी खाली आली नाही. त्या संध्याकाळी ते त्याच्या मामाकडे गेले. किसनराव कापसाच्या बाजारात आपल्या गाडीवर बसून होता, रांग हलत नव्हती. "परीक्षेच्या दिवशी देवीदासाला गावी धाडता येईल का?" त्यांनी विचारले. किसनरावाने तंबाखू थुंकली. "काहून? ढ हाय काय?" "नाही." "मंग?" विसाजीपंतांनी बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांकडे बघितले. "साहेबांना घाबरेल." "तो?" किसनराव म्हणाला. "घरी बैलाले इचारते, तुले खारं पानी दिसते काय म्हणून. तो घाबरते?" मग त्याने खांदे उडवले. "न्या म्हणता तं नेतो. गाडी रिकामी झाली का जानंच हाय."

परीक्षा झाली ती अशी. ओसरी शेणाने सारवलेली. डिपुटी साहेब बैठकीवर, समोर सुपारीचा डबा, बाजूला गावचे दोन-तीन प्रतिष्ठित. मुले आंघोळी करून आलेली, कपाळांना गंध. देवीदासाची जागा रिकामी ठेवायची नाही म्हणून सगळे थोडे थोडे सरकवून बसवलेले. आणि धडे चोख. अंकांचा धडा, देशांचा धडा, आणि मग साहेब म्हणाले, "समुद्र." समुद्राचे पाणी खारट असते ते पिण्याच्या उपयोगी नाही समुद्र फार खोल असून. एक सूर, भोक नाही. साहेबांची मान डोलत होती. विसाजीपंत पाय जुळवून उभे होते आणि त्यांच्या मनात आता हर्णै यायला हवे होते. ओटी, पाऊल, टाच, कोणत्याही क्षणी. आले नाही. त्यांनी मुलांच्या डोळ्यांत पाहिले. डोळे उघडे होते आणि त्यांत कोणीही काही बघत नव्हते. ज्या समुद्राकडे हा सूर विसाजीपंतांना पोचवणार होता तो याच सहा वाक्यांचा असेल, असे काहीतरी, विचार म्हणण्याइतके धड नव्हे, त्यांच्या अंगातून गेले. या सगळ्या गावात त्यांनी सांगितलेला समुद्र एका जागी होता, देवीदासापाशी, आणि ती जागा त्यांनी स्वतः गाडीवर चढवून दिली होती.

"उत्तम," साहेब म्हणाले. "विसाजीपंत, छान."

"एक मुलगा यायचा आहे," विसाजीपंत म्हणाले.

भगवंत पळाला. बाजारातली रांग अजून हलली नव्हती, हे एक बरे झाले. साहेबांनी पाणी मागवले, सुपारी कातरली, भुवई वर केली. देवीदास आला तो केसांत कापूस घेऊन, गंध नाही, आंघोळ नाही. साहेबांनी त्याला वरून खाली पाहिले. "समुद्राचा धडा म्हण." त्याने एका पायाने दुसरा पाय खाजवला. "येत नाही?"

"येते. पन त्याच्यात समुद्र नाई."

एका प्रतिष्ठिताने घसा खाकरला. साहेबांचा अडकित्ता थांबला. "मग काय आहे?"

"आमची इहीर हाय. सारं तिलेच लागू पडते. पानी, कासव, सारं." त्याने विसाजीपंतांकडे पाहिले, त्यांनी मान हलवली की नाही हे त्यांना नंतर आठवेना. "फरक धड्यात देल्ला नाई. इहिरीच्या पलीकडे बाभूळ दिसते. समुद्राच्या पलीकडे काईच दिसत नाई. अन् इहिरीतलं पानी उपसलं तं जाते. समुद्राचं आपलं आपण जाते." तो जरा थांबला, बघून आला. "अन् परत येते."

"तू पाहिलास?"

"नाई. पंतोजीनं पायला."

साहेबांनी डबा बाजूला सारला आणि वर्गाला विचारले, "तळ आणखी कशाचा दिसत नाही?" मुले बिचकली, विसाजीपंतांकडे वळली, आणि मग भगवंताच्या तोंडून पेव निघाले, आणि मग कोणी थांबेना. साहेब हसत होते. नाशिककडे विहिरीला काय म्हणतात ते त्यांनी सांगितले. परीक्षा दुपारपर्यंत चालली आणि प्रतिष्ठित कंटाळून उठून गेले.

निघताना पायरीवर जोडे घालत साहेब म्हणाले, "वऱ्हाडात मी पुष्कळ शाळा पाहिल्या. वाचणारं पोर आज पहिलं पाहिलं. तुम्ही नुसता चोख वर्ग दाखवून थांबला असतात, तर विसाजीपंत, मी आजच रत्नागिरीला लिहिलं असतं. तिकडे चोख शिकवणारे लागतात. आता मला तुम्हाला सोडता येणार नाही. पुढच्या वर्षी अकोल्याच्या शाळेत घेईन, इतर पंतोजींना तुमची रीत दाखवा. पगार वाढवून देतो. कुटुंबाला आणा इकडे."

"आई अंथरुणाला आहे," विसाजीपंत म्हणाले.

"हो, हो. ते बघू मग." साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, मनापासून ठेवला, आणि दमणीत चढले.

ओसरीवर मुले आपापल्या धूळपाट्या उचलत होती. देवीदास तिथेच उभा होता. त्याने विचारले, "पंतोजी, म्या बरोबर सांगतलं ना?"

"बरोबर."

"मंग तुमी आसे काहून पायता?"

त्यांनी त्याच्या केसांतला कापूस काढला. खूप होता, वेळ लागला.

तीन वर्षांपूर्वी हर्णै सोडले तेव्हा ज्येष्ठ होता, होड्या वर ओढलेल्या होत्या, म्हणून ते दापोलीच्या वाटेने गाडीतून गेले. आणि ऊन डोळ्यांवर येते म्हणून सगळा चढ संपेपर्यंत समुद्राकडे पाठ करून बसले होते.